शहरालगतचं जुनं घर विकत घेताना: दस्तांची साखळी, मोजणी आणि परिसर

नवीन इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याकडे निदान महारेराचा नोंदणी क्रमांक असतो. त्यावरून प्रकल्पाची बरीच माहिती घरबसल्या मिळते. उपनगरातलं पंचवीस-तीस वर्षांचं स्वतंत्र घर, बंगला किंवा रो-हाउस घेणाऱ्यासाठी अशी एकच एक जागा नाही. थोडी माहिती तलाठ्याकडे, थोडी नगर भूमापन कार्यालयात, थोडी दुय्यम निबंधकाकडे, थोडी बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयात आणि उरलेली शेजाऱ्यांकडे. आम्ही नवरा-बायकोने अशी घरं पाहिली, कागद तपासले, मनात भरलेली काही घरं कागदांमुळे सोडली आणि मग एक घेतलं. त्या वेळी सगळ्यात जास्त गोंधळ कशाचा झाला, तर कुठला कागद कशासाठी असतो याचा. म्हणून हा लेख त्याच अंगाने लिहिला आहे. नियम महाराष्ट्रातले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते. प्रत्येक कागद एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. घरपट्टीची पावती सांगते की कर कोण भरतं. वीजबिल सांगतं की मीटर कोणाच्या नावावर आहे. मालक कोण, हे या दोन्हींपैकी एकही सांगत नाही. विकणारा जाडजूड फाइल पुढे ठेवतो तेव्हा आतला एकेक कागद हातात घेऊन विचारा, ‘याने नेमकं काय सिद्ध होतं?’ फाइल किती जाड आहे याला काही अर्थ नाही.

१. विसार देण्याआधी प्रती मागून घ्या

‘टोकन द्या, मग कागद देतो’ असं मध्यस्थ म्हणाला तर तिथे थांबा. ज्याचे कागद सरळ आहेत त्याला झेरॉक्स द्यायला अडचण नसते. या प्रती मागा:

- विकणाऱ्याच्या नावाचं नोंदणीकृत खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा एका पानाचा गोषवारा)
- त्याआधीच्या मालकांचे सगळे दस्त, जितके मागे जाता येईल तितके
- चालू सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, त्यावरच्या फेरफारांसह (म्हणजे नावं-हक्क बदलल्याच्या नोंदींसह)
- बिनशेती आदेश किंवा गुंठेवारी नियमितीकरणाचं प्रमाणपत्र
- मंजूर बांधकाम नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण होऊन राहायला परवानगी मिळाल्याचा दाखला)
- सरकारी मोजणीचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, असेल तर
- घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेची अलीकडची भरलेली बिलं
- कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र. फिटलेलं असेल तर ना-देय दाखला
- रो-हाउस गृहनिर्माण संस्थेत असेल तर भाग प्रमाणपत्र आणि संस्थेच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी हस्तांतर) झालं आहे का याचा पुरावा

यातलं सगळं पहिल्याच दिवशी मिळणार नाही. जे मिळत नाही ते का मिळत नाही, हे विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. हीच यादी पुढे वकिलाला द्यायची आहे.

२. जमिनीची नोंद कुठे आहे ते ओळखा

शहराच्या कडेचं घर असलं की हा प्रश्न पहिला येतो. जमिनीचं नगर भूमापन झालेलं असेल तर तिचं मालमत्ता पत्रक असतं, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. झालेलं नसेल तर ती अजून सातबाऱ्यावरच असते, मग वर कितीही मजले उभे असोत. जुन्या गावठाणातल्या घराला पुष्कळदा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उताराच दाखवतात. तो करआकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी आहे, असं धरून चालू नका.

सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर नुसता पाहता येतो, पण व्यवहारासाठी डिजिटल सहीचा उतारा घ्या. १५ रुपयांत मिळतो. आता तो नीट वाचा. मालकाचं नाव आणि क्षेत्र सगळेच बघतात. तुम्ही ‘इतर हक्क’ या रकान्यावर जास्त वेळ घालवा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनाचा शेरा, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळं तिथे सापडतं. ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा ‘नवीन शर्त’ असं दिसलं तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘परवानगी नंतर काढू’ हे आश्वासन घेऊन पैसे देऊ नका.

गुंठेवारीबद्दल सविस्तर लिहिते, कारण शहरालगतच्या कितीतरी वसाहती तशाच वसल्या आहेत. शेतकऱ्याने एकराचे तुकडे करून गुंठा, दोन गुंठे असे विकले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे असे छोटे तुकडे स्वतंत्रपणे नोंदवता येत नव्हते, म्हणून कुठे दहा-अकरा जणांनी मिळून एक दस्त केला, कुठे नुसत्या नोटरीच्या कागदावर पैसे दिले. सातबाऱ्यावर आजही अकरा नावं सामाईकात दिसतात आणि जागेवर अकरा वेगवेगळी कुंपणं. अशा ठिकाणी तुमचा विकणारा एका सामाईक हिश्शाचा मालक असतो. त्याचं कुंपण नकाशात कुठेच नसतं. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामं नियमित करायची सोय केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने तिची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. त्यामुळे गुंठेवारीतलं घर घेऊच नये असं मी म्हणणार नाही. नियमित झालेलं आणि न झालेलं यांत मात्र फार फरक आहे. प्रमाणपत्र प्रत्यक्ष हातात घ्या, त्यावरचं क्षेत्र आणि घराचं क्षेत्र जुळतं का पाहा. ‘अर्ज केलाय, येईल’ याला किंमत शून्य धरा.

३. विक्रीचा इतिहास मागे मागे लावत जा

आता मुख्य काम. हे घर, किंवा ही जागा, आजपर्यंत कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी लावायची. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेत जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे, गट किंवा नगर भूमापन क्रमांक घालून वर्षागणिक शोध घेता येतो. जो दस्त सापडेल त्याची सूची क्रमांक दोन उघडते. तिच्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचं वर्णन, क्षेत्र, लिहून देणारे, लिहून घेणारे, तारीख, दस्त क्रमांक आणि भरलेलं मुद्रांक शुल्क असं सगळं एका पानावर असतं. मुंबईबाहेर साधारण २००२ पासूनच्या दस्तांचं काम ऑनलाइन भागतं. त्याआधीचं पाहायला दुय्यम निबंधक कार्यालयात जुनी पुस्तकं काढावी लागतात. ते काम वकील किंवा सर्च घेणारा माणूस करतो.

शोध घेताना क्रमांक वेगवेगळ्या तऱ्हेने घालून पाहा: ‘४५/२’, नुसता ‘४५’, ‘४५/२/अ’, प्लॉट क्रमांक. नोंद करणाऱ्याने तेव्हा जसं टाइप केलं तसंच ते सापडतं. एकदा शोधून काही मिळालं नाही म्हणजे व्यवहार झालाच नाही, असा निष्कर्ष काढू नका.

मग एका कोऱ्या कागदावर तक्ता करा: तारीख, कोणी दिलं, कोणाला दिलं, कुठल्या दस्ताने, किती क्षेत्र. प्रत्येक ओळीतला घेणारा पुढच्या ओळीत देणारा म्हणून आला पाहिजे. नाही आला तर तिथे कडी तुटलेली आहे. एखादं बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र किंवा वारस नोंद मध्ये असू शकते, ती शोधा. क्षेत्रही ओळीमागून ओळ ताडून पाहा. १९९० च्या दस्तात २,००० चौरस फूट आणि २०१० च्या दस्तात २,४००, मध्ये दुसरी कुठली खरेदी नाही, तर वरचे ४०० फूट कुठून आले?

वकील साधारण तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट देतात. तीसच का, याला मुदतीच्या कायद्यात आधार आहे. ताब्याच्या दाव्याला साधारण १२ वर्षांची मुदत असते, पण गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला ३० वर्षांची, आणि सरकारच्या दाव्यांनाही ३० वर्षांची. म्हणून तेवढं मागे जाणं शहाणपणाचं. वकील तुमचा तुम्ही नेमा. विकणाऱ्याने दिलेला आयता सर्च रिपोर्ट संदर्भासाठी वाचा, त्यावर निर्णय घेऊ नका.

घर थोड्या थोड्या वर्षांत पुनःपुन्हा विकलं गेलेलं दिसलं तर कारण शोधाच. कधी ते साधं असतं: बदली, परदेशी जाणं. कधी उत्तर शेजारी देतात: पावसाळ्यात घरात पाणी येतं, मागच्या भिंतीवरून वाद चालू आहे.

४. साखळीतल्या कच्च्या कड्या

वारस. सगळ्यात जास्त व्यवहार इथे अडकतात. वडिलांच्या नावावर घर, वडील वारले, तीन भाऊ विकायला निघाले. बहिणींबद्दल विचारलं की उत्तर येतं, ‘त्यांची काही हरकत नाही.’ १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगे, मुली, पत्नी आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, आहे, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे बहिणींची एक तर खरेदीखतावर सही हवी, नाहीतर आधीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. साध्या कागदावरचं संमतिपत्र किंवा फोनवरचा होकार चालत नाही. आम्हाला अगदी पसंत पडलेलं एक घर याच कारणाने सोडावं लागलं. लांब राहणाऱ्या एका बहिणीचं नाव वारस नोंदीत घातलंच नव्हतं; शेजारच्या आजींनी सहज विचारलं, ‘आणि त्या थोरलीला कळवलंय ना?’ तेव्हा कळलं. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत वारसाचे नियम वेगळे आहेत, पण प्रश्न तोच: सगळे वारस कोण, आणि सगळ्यांच्या सह्या कुठे?

अज्ञान वारस. वारसांत अठरा वर्षांखालचं मूल असेल आणि त्याचा हिस्सा विकायचा असेल, तर हिंदू पालकाला न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता झालेला व्यवहार ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून मागू शकतं. साखळीतल्या जुन्या दस्तांतही ‘अज्ञान तर्फे पालक’ असं लिहिलेलं दिसलं तर परवानगीचा आदेश मागा.

कुलमुखत्यारपत्र. मालकाऐवजी मुखत्यार सही करत असेल तर मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, मालक हयात आहे का, आणि ते रद्द झालेलं नाही ना, हे चारही तपासा. मालकाशी थेट बोला, निदान व्हिडिओ कॉलवर. ‘मुखत्यारपत्र करून देतो, त्यावरच घर तुमचं’ असं कोणी सांगितलं तर निघून या. अशाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे.

साठेखत आणि ताबा पावती. साठेखत म्हणजे विकण्याचा करार. त्याने मालक बदलत नाही. बदलतो तो खरेदीखताने. मागच्या कुठल्या तरी मालकाकडे फक्त साठेखत असेल आणि खरेदीखत कधी झालंच नसेल, तर कागदोपत्री घर अजून त्याच्या आधीच्या माणसाचं आहे.

५. कर्ज आणि खटले

सातबाऱ्यावर बोजा नाही म्हणजे कर्ज नाही, असं नसतं. मूळ दस्त बँकेत ठेवूनही गहाण होतं. त्यासाठी दोन गोष्टी करा. पहिली, मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहा. ‘मूळ हरवलंय, प्रमाणित प्रत आहे’ असं असेल तर ते नेमकं कधी आणि कसं हरवलं, पोलिसांत तक्रार कधी दिली, हे खोदून विचारा. दुसरी, सरसाई या केंद्रीय नोंदवहीत शोध घ्या. बँका तिथे गहाणांची नोंद करतात. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडेही द्यावी लागते, त्यामुळे ई-सर्चमध्ये ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ अशी नोंद दिसू शकते.

खटल्यासाठी ई-कोर्ट्सवर विकणाऱ्याच्या आणि आधीच्या मालकांच्या नावाने शोधा. महाराष्ट्रात दाव्याची ‘लिस पेंडन्स’ (मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोटीसही दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात, तिचाही शोध घ्यायला वकिलाला सांगा. शेवटी स्थानिक खपाच्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा. वकील साधारण १४ दिवसांची मुदत देतात. नोटीस द्यायला विकणारा कुरकुर करत असेल तर त्याचं कारण तुम्हाला कळलंच पाहिजे.

६. जागेवर टेप लावा

दस्तात ‘पूर्वेस अमुकचा प्लॉट, दक्षिणेस सहा मीटर रस्ता’ अशी चतुःसीमा लिहिलेली असते. ती कागद हातात घेऊन प्रत्यक्ष ताडून पाहा. दक्षिणेचा रस्ता खरंच आहे का? आहे तर तो सार्वजनिक आहे, लेआउटमधला आहे, की कोणाच्या खासगी प्लॉटमधली वहिवाट? घरापर्यंत जायचा एकमेव रस्ता दुसऱ्याच्या जागेतून असेल आणि त्याचा हक्क कुठल्याही कागदावर नसेल, तर उद्या तिथे फाटक बसू शकतं.

स्वतः टेपने मोजून मोठा फरक लगेच कळतो. त्यापुढे भूमी अभिलेख विभागाची सरकारी मोजणीच घ्या. अर्ज मालकाला करावा लागतो, लगतच्या धारकांना नोटिसा जातात, आणि मोजणीनंतर ‘क’ प्रत मिळते. तिच्यात हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही दिसतात. याला वेळ लागतो, म्हणून आधीच सुरू करा. भिंत फूटभर शेजाऱ्याच्या हद्दीत आहे हे खरेदीआधी कळलं तर तो विकणाऱ्याचा प्रश्न असतो. नंतर कळलं तर तुमचा.

७. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का

मंजूर नकाशा घेऊन घरात फिरा. नकाशात तळमजला आणि जागेवर वर दोन खोल्या. नकाशात बाजूला मोकळी जागा आणि तिथे पत्र्याची शेड. पार्किंगच्या जागी भाड्याची खोली. जुन्या घरांत असं सर्रास दिसतं. ‘घरपट्टी सगळ्या बांधकामाची लागते, म्हणजे अधिकृतच’ हा युक्तिवाद टिकत नाही. कर अनधिकृत बांधकामालाही लागतो, आणि तो भरला म्हणून ते अधिकृत होत नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसेल किंवा वाढीव बांधकाम असेल, तर ते नियमित होऊ शकेल का हे एखाद्या स्थानिक वास्तुविशारदाला विचारा आणि तो खर्च भावातून वजा करा. मुंबई सोडून बहुतेक राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. हिशोब तिच्यानुसार होतो.

घराच्या स्थितीबद्दल थोडक्यात: ओल पाहायला पावसाळ्यात जा, स्लॅबच्या कडेला लोखंड उघडं पडलंय का बघा, आणि मोठी भेग दिसली तर स्थापत्य अभियंत्याला घेऊन जा. बाकी रंगरंगोटीचं नंतर पाहता येतं.

८. परिसर: आजचा आणि दहा वर्षांनंतरचा

आधी नियोजन प्राधिकरण कोण ते शोधा. वाटतं तितकं हे सोपं नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, पण त्या २३ गावांच्या विकास आराखड्याचं काम पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) राहिलं. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना नावाच्या पट्ट्यात नियोजन सिडको हे सरकारी महामंडळ पाहतं. कर एका कार्यालयात, परवानगी दुसऱ्या, असं असू शकतं. जे प्राधिकरण असेल तिथून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. घर निवासी विभागात आहे ना, त्यावर शाळा, उद्यान, रस्ता असं आरक्षण नाही ना, समोरचा रस्ता आराखड्यात रुंद व्हायचा आहे का, हे तिथे कळतं. समोरचं मोकळं मैदान दाखवून ‘कायमचा उजेड-वारा’ असं सांगितलं जातं. भाग नकाशात ते मैदान खरंच मैदान आहे की कोणाचा निवासी प्लॉट, ते पाहा.

नदी किंवा मोठा नाला जवळ असेल तर पूररेषा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळीच्या आतलं क्षेत्र बांधकामाला निषिद्ध, दोन्हींमधलं निर्बंधित. घर वीस वर्षं उभं आहे म्हणून ते पुनर्बांधणीला मोकळं आहे असं नाही.

आता सोयी. जाहिरातीत ‘शाळा, दवाखाना, बाजार पाच मिनिटांवर’ असं लिहिलेलं असतं. ती पाच मिनिटं चालत, सकाळी शाळेच्या वेळेला, आणि एकदा पावसात मोजा. आम्ही प्रत्येक घराभोवती सकाळी, भर दुपारी आणि रात्री दहानंतर फेरी मारायचो. दिवसा शांत वाटणाऱ्या गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालय आहे हे रात्रीच कळतं. विचारायचे प्रश्न हे:

- पाणी महापालिकेचं की बोअरचं? नळाला किती वेळ येतं? एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो का, आणि पैसे कोण भरतं?
- सांडपाणी गटारीला जोडलंय की सेप्टिक टँक आहे? टँक असेल तर तो आपल्याच हद्दीत आहे ना, आणि उपसायची गाडी तिथपर्यंत येते का?
- कचऱ्याची गाडी रोज येते का?
- रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी दारापर्यंत वळते का?
- शेवटची बस किती वाजता, आणि रात्री रिक्षावाले इकडे यायला तयार होतात का?
- छतावरून किंवा जवळून उच्चदाब वीजवाहिनी जाते का?

पाण्याचा प्रश्न विकणाऱ्याला विचारूच नका. तीन घरं सोडून राहणाऱ्या बाईंना विचारा. त्या खरं सांगतात आणि शिवाय कोणत्या महिन्यात काय होतं तेही सांगतात. लहान मूल असेल तर शाळेचं अंतर नकाशावर मोजून ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश घ्यायचा असेल तर एक किलोमीटरच्या आतल्या घरांना प्राधान्य मिळतं.

९. भाव ठरवताना

मध्यस्थाने सांगितलेला ‘इथला रेट’ हा मागितलेला रेट असतो. प्रत्यक्ष नोंदवलेले आकडे ई-सर्चमध्येच आहेत. त्याच सर्व्हे नंबरमधले, त्याच वसाहतीतले गेल्या दोन-तीन वर्षांचे खरेदीखत शोधा, मोबदला क्षेत्राने भागा. काही दस्तांत मोबदला कमी दाखवलेला असू शकतो, म्हणून एकाच आकड्यावर जाऊ नका. पाच-सहा व्यवहार जमले की अंदाज बसतो. जमिनीचा भाव आणि जुन्या बांधकामाचा भाव वेगळा धरा. बांधकाम जुनं होतं तशी त्याची किंमत उतरते, जमिनीची उतरत नाही.

वरचा खर्च आधीच मांडून ठेवा. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनरप्रमाणे (सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्य दरांप्रमाणे) येणारी किंमत, यांत जे जास्त त्यावर लागतं. दर जागेनुसार बदलतो: पुणे महापालिका हद्दीत एकूण ७ टक्के, मुंबईत ६. निवासी घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. पुण्यात ८० लाखांचं घर दोघांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक ५ लाख ६० हजार आणि नोंदणी ३० हजार. वकील, मोजणी, जाहीर नोटीस वेगळं. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर तुम्हालाच विकणाऱ्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा आहे. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर टीडीएसचा दर आणि पद्धत दोन्ही वेगळी. तिथे सनदी लेखापाल हवाच.

१०. विसार ते खरेदीखत

विसाराची रक्कम लहान ठेवा आणि बँकेतूनच द्या. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्याला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे. विसार पावतीत ही अट लिहूनच घ्या: कागद निर्वेध न निघाल्यास किंवा जाहीर नोटिशीवर हरकत आल्यास अमुक दिवसांत पूर्ण रक्कम परत. साठेखत करणार असाल तर तेही नोंदवा. त्यातच ताबा मिळणार असेल तर मुद्रांक पूर्ण लागतो, तो पुढे खरेदीखतात धरला जातो.

नोंदणीच्या दिवसाचं फारसं दडपण घेऊ नका. मसुदा आणि ऑनलाइन नोंद आधी झालेली असते. सगळ्या लिहून देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची मूळ ओळखपत्रं, पॅन, ग्रास या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून शुल्क भरल्याचं चलन आणि दोन ओळखदार बरोबर हवेत. सही करण्यापूर्वी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि नावांची अक्षरं मूळ कागदाशी ताडून मोठ्याने वाचा. इथली एक चूक सुधारायला पुन्हा सगळ्यांना बोलावून चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो. सह्या झाल्यावर दस्त चार महिन्यांच्या आत नोंदणीला सादर करायचा असतो, पण तेवढा वेळ कशाला लावायचा? शेवटचा हप्ता आणि ताबा त्याच दिवशी ठेवा, आणि मागचे सगळे मूळ दस्त यादी करून, सही घेऊन ताब्यात घ्या.

११. किल्ली मिळाल्यानंतर

खरेदीखत झालं की सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव आपोआप लागेल असं समजून स्वस्थ बसू नका. सातबारा असेल तर फेरफार नोंद धरली गेली का, ते ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहा. नोटिशीनंतर हरकतीसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मालमत्ता पत्रकासाठी नगर भूमापन कार्यालयात सूची दोनसह अर्ज करून पोच घ्या आणि महिन्याभराने नवा उतारा काढून नाव बरोबर लागलंय का बघा. पाठोपाठ घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचं मीटर नावावर करून घ्या; मीटरच्या अनामत रकमेचा हिशोब विकणाऱ्याशी ताब्याच्या दिवशीच मिटवा. विकणाऱ्याचं कर्ज फेडून घर घेतलं असेल तर बँकेने सरसाईतली आणि दुय्यम निबंधकाकडची नोंद काढली आहे का, हेही तपासा. त्या काढलेल्या नोंदीची एक प्रत तुमच्या खरेदीखताला लावून ठेवा.